हातगुण, नोंदणी आणि हक्क : रायगड जिल्ह्याच्या संदर्भात डॉक्टरांच्या निवडीचा इतिहास

प्रस्तावना

मुंबई-गोवा महामार्गावरून दक्षिणेकडे जाताना नागोठणे मागे पडले की कोलाड लागते. कुंडलिका नदीच्या खोऱ्यातील हे गाव रोहे तालुक्यात मोडते. आंबेवाडी नाक्यापासून एक रस्ता रोह्याकडे जातो, महामार्ग माणगाव व महाडच्या दिशेने पुढे सरकतो, आणि कोकण रेल्वेवर रोह्यानंतरचे पहिलेच स्थानक कोलाडचे आहे. सपाटीवरची भातशेती, डोंगरउतारावरच्या ठाकूर व कातकरी वाड्या, जवळच धाटावची औद्योगिक वसाहत आणि अहोरात्र वाहणारा महामार्ग असे अनेक थर या परिसरात एकत्र नांदतात. अशा ठिकाणी आजारी माणसाने कोणाकडे जावे, या प्रश्नाला एकच उत्तर कधीही नव्हते. भगत, वैदू, सुईण, वैद्य, नाक्यावरचा दवाखाना, सरकारी आरोग्य केंद्र, तालुक्याचे रुग्णालय, अलिबागचे जिल्हा रुग्णालय आणि शेवटी मुंबई, असे अनेक पर्याय कमीअधिक प्रमाणात येथील माणसासमोर राहिले आहेत.

योग्य डॉक्टर कसा निवडावा, या विषयावर हल्ली उपदेशपर लेखन पुष्कळ होते. त्यात निवड ही रुग्णाच्या वैयक्तिक शहाणपणाची बाब मानलेली असते. पदवी पाहावी, अनुभव विचारावा, चार जणांचे मत घ्यावे, असे त्याचे स्वरूप असते. हा उपदेश चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे. रुग्णाला निवड करता येते की नाही, कोणत्या पर्यायांतून करता येते आणि ती चुकल्यास त्याची जबाबदारी कोणावर पडते, हे इतिहासाने ठरविलेले असते. पूर्वीचा कुलाबा व १९८१ पासूनचा रायगड जिल्हा आणि त्याला लागून असलेले कोकण यांतील काही घटनांच्या आधारे हा इतिहास तपासणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

परंपरेतील निकष : शास्त्र आणि हातगुण

वैद्याची पारख करावी, हा विचार भारतीय परंपरेला नवा नाही. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधी द्रव्य, परिचारक आणि रुग्ण. त्यांपैकी वैद्याच्या ठिकाणी चार गुण अपेक्षित आहेत. शास्त्राचे निर्मळ ज्ञान, प्रत्यक्ष कर्माचा विपुल अनुभव, दक्षता आणि शुचिता हे ते चार गुण होत. त्याच ग्रंथात प्राण राखणारा वैद्य आणि रोग वाढविणारा भोंदू वैद्य असा भेदही केलेला आहे. भोंदू वैद्य रुग्णाच्या शोधात हिंडतो, स्वतःची स्तुती करतो, इतर वैद्यांचे दोष सांगतो आणि जाणकारांशी चर्चा टाळतो, अशा आशयाचे वर्णन तेथे येते. दोन हजार वर्षांच्या आसपासचे हे निरीक्षण आजही जुने वाटत नाही.

तथापि हे निकष ग्रंथ जाणणाऱ्यांचे होते. सामान्य मराठी माणसाने वैद्याची परीक्षा ज्या शब्दाने केली तो शब्द 'हातगुण' हा होय. अमक्याच्या औषधाने गुण येतो, तमक्याचा हातगुण चांगला आहे, अशी शिफारस आजही खेड्यात आणि शहरात सारख्याच सहजतेने केली जाते. या संकल्पनेत एक मर्म आहे. लोक पदवी न पाहता परिणाम पाहतात आणि तो परिणाम आपल्या ओळखीच्या माणसाच्या अनुभवावरून तपासतात. जेथे दुसरे कोणतेही प्रमाण उपलब्ध नव्हते तेथे ही रीत विवेकाला धरूनच होती.

परंतु हातगुणाच्या निकषात एक मूलभूत उणीव आहे. बहुसंख्य आजार कोणत्याही उपचाराशिवाय आपोआप बरे होतात. ताप उतरतो, हगवण थांबते, वेदना शमते. त्या वेळी जो उपचारक जवळ असतो त्याच्या पदरी यश जाते. जे दगावतात ते आपला अनुभव सांगण्यास उरत नाहीत आणि त्यांच्या मृत्यूचे खापर दैवावर किंवा उशिरावर फोडले जाते. म्हणजे हातगुणाच्या हिशेबात जमेची बाजू नोंदली जाते, खर्चाची नोंदली जात नाही. या उणिवेचे सर्वांत बोलके उदाहरण याच जिल्ह्यात विंचूदंशाच्या रूपाने पुढे आले. त्याचा विचार पुढे केला आहे.

निवडीला जागाच नसणे : आनंदीबाई जोशी

निवड चुकणे आणि निवडीला जागाच नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. एकोणिसाव्या शतकातील स्त्री ही दुसऱ्या स्थितीत होती. कल्याण येथे ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांचे जीवन या संदर्भात महत्त्वाचे ठरते. त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात होते आणि बदलीच्या निमित्ताने हे दांपत्य काही काळ कुलाबा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या अलिबागला राहिले होते. आनंदीबाईंना वयाच्या चौदाव्या वर्षी मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. वैद्यक शिकण्याच्या त्यांच्या निश्चयामागे हा अनुभव होता, असे चरित्रकार सांगतात.

१८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधील सेरामपूर येथे त्यांनी जे इंग्रजी भाषण केले, त्यातील युक्तिवाद पाहण्यासारखा आहे. भारतात स्त्री डॉक्टरांची नितांत गरज आहे. युरोपीय स्त्री डॉक्टर भाषा आणि चालीरीती यांमुळे येथील स्त्रियांना पुरेशा उपयोगी पडू शकत नाहीत. म्हणून हिंदू स्त्रीनेच हे शिक्षण घेतले पाहिजे, असा त्याचा आशय होता. येथे ज्ञानाइतकेच महत्त्व संवादाला दिलेले आहे. जिच्याशी आपल्या भाषेत बोलता येते, जिला अंग दाखविताना संकोच वाटत नाही, तीच त्या रुग्णासाठी योग्य डॉक्टर, हा निकष आनंदीबाईंनी स्पष्टपणे मांडला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभागावर त्यांची नेमणूक झाली होती; परंतु क्षयाने ग्रासलेल्या आनंदीबाईंचे २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे निधन झाले आणि ते काम त्यांच्या हातून घडू शकले नाही.

याच काळात मुंबईतही स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी हालचाली सुरू होत्या. जॉर्ज किट्रेज आणि सोराबजी शापूरजी बंगाली यांच्या पुढाकाराने निधी उभा राहिला, १८८३ मध्ये डॉ. एडिथ पीची इंग्लंडहून मुंबईस आल्या आणि १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या डफरिन फंडानेही हाच हेतू देशभर पुढे नेला. या सर्व प्रयत्नांचा ऐतिहासिक अर्थ असा की, निवड सुधारावयाची तर आधी पर्याय निर्माण करावा लागतो. स्त्रियांनी डॉक्टरांकडे जावे असा उपदेश करून तो प्रश्न सुटणारा नव्हता. ज्यांच्याकडे जाता येईल असे डॉक्टर घडवावे लागले.

नोंदणी : शासनाने आखलेली चौकट

विसाव्या शतकात निवडीच्या प्रश्नात शासनाचा प्रवेश झाला. मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्ये सुरू झाले होते आणि भाऊ दाजी लाड हे त्याच्या आरंभीच्या पदवीधरांपैकी होते. पदवीधरांची संख्या वाढत गेली, तशी पदवीधर कोण आणि तोतया कोण हे ओळखण्याची गरज निर्माण झाली. मुंबई प्रांतात १९१२ मध्ये झालेल्या वैद्यकीय कायद्याने पाश्चात्त्य वैद्यकाच्या व्यावसायिकांची नोंदवही अस्तित्वात आली. देशी वैद्यांना या नोंदवहीत स्थान नव्हते. १९३८ च्या कायद्याने मुंबई प्रांतात आयुर्वेद व युनानी व्यावसायिकांच्या नोंदणीची व्यवस्था झाली आणि महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर १९६१ चा वैद्यकव्यवसायी अधिनियम व १९६५ चा महाराष्ट्र वैद्यकीय परिषद अधिनियम हे पुढचे टप्पे आले.

नोंदणीने रुग्णाला दिले ते एक किमान आश्वासन होय. नोंदणीकृत व्यक्तीने विशिष्ट शिक्षण घेतले आहे, एवढेच ते आश्वासन आहे. ती व्यक्ती कुशल आहे, प्रामाणिक आहे किंवा त्या विशिष्ट रुग्णाला योग्य आहे, असे नोंदवही सांगत नाही. शिवाय ग्रामीण भागात एक नवाच प्रश्न उपस्थित झाला. खेड्यापाड्यांत एम.बी.बी.एस. डॉक्टर सहसा स्थायिक होत नसत. तेथे आयुर्वेद वा होमिओपॅथीची पदवी घेतलेले व्यावसायिक येऊन राहिले आणि रुग्णांच्या अपेक्षेनुसार सुई व गोळ्या देऊ लागले. रुग्णाच्या दृष्टीने दारावरची पाटी 'डॉक्टर' अशी असली की पुरे. पदवीपुढील अक्षरांतील फरक त्याला कोणी समजावून सांगितला नव्हता. मुंबईतील एका प्रकरणात होमिओपॅथीच्या व्यावसायिकाने ॲलोपॅथीची औषधे दिली आणि रुग्ण दगावला, तेव्हा १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्या पद्धतीचे शिक्षण नाही त्या पद्धतीने उपचार करणे हाच निष्काळजीपणा ठरविला. उलट २०१४ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथी पदवीधरांना मर्यादित परवानगीचा मार्ग खुला केला आणि त्यावरून मोठा वाद झाला. सुरक्षितता आणि उपलब्धता यांतील हा ताण आजतागायत पूर्णपणे मिटलेला नाही. ज्या गावात रात्री दोन वाजता एकच दवाखाना उघडू शकतो, तेथे पदवीची चिकित्सा करण्यास रुग्णाला फारशी सवड नसते.

पालशेत ते पुणे, १९५३ : उत्तम निवडीची मर्यादा

सर्व काळजी घेऊन केलेली निवडही पुरेशी ठरेलच असे नाही, हे दाखविणारे एक प्रकरण कोकणातच घडले आणि पुढे भारतीय वैद्यकीय कायद्याचा पायाभूत दगड ठरले. ६ मे १९५३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत येथे समुद्रकिनाऱ्यावर सुमारे वीस वर्षांच्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. स्थानिक डॉक्टरांनी लाकडी फळ्या बांधून पाय स्थिर केला आणि पुण्यास हलविण्याचा सल्ला दिला. सुमारे दोनशे मैलांचा प्रवास टॅक्सीने करून ९ मे रोजी त्याला पुण्यात आणण्यात आले. त्याचे वडील स्वतः वैद्यकीय व्यावसायिक होते. प्रथम एका रुग्णालयात पायाची क्ष-किरण तपासणी झाली आणि नंतर एका शल्यविशारदाच्या रुग्णालयात त्याला दाखल केले गेले. त्याच रात्री तो तरुण मरण पावला. योग्य भूल न देता जोर लावून हाड बसविल्याने बसलेल्या धक्क्यामुळे हा मृत्यू ओढवला, असा निष्कर्ष न्यायालयांनी काढला.

लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६८ मध्ये त्याचा निकाल लागला. न्यायालयाने डॉक्टरांची तीन कर्तव्ये सांगितली. रुग्ण स्वीकारावा की नाही हे ठरविताना काळजी घेणे, कोणता उपचार करावा हे ठरविताना काळजी घेणे आणि प्रत्यक्ष उपचार करताना काळजी घेणे, ही ती तीन कर्तव्ये होत. जो उपचारास तयार असल्याचे सांगतो तो तेवढे ज्ञान व कौशल्य आपल्यापाशी आहे असे अप्रत्यक्षपणे आश्वासनच देतो, असे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

डॉक्टरांच्या निवडीच्या इतिहासात या निकालाचे स्थान विशेष आहे. या कुटुंबाने आजच्या उपदेशपर लेखातील प्रत्येक सूचना पाळली होती असे म्हणता येईल. स्थानिक डॉक्टरांचा सल्ला, मोठ्या शहरातील तज्ज्ञ, आधी तपासणी आणि घरातच वैद्यकाचे ज्ञान, यांपैकी काहीही कमी नव्हते. तरीही अनर्थ टळला नाही. म्हणून न्यायालयाने निवडीचे ओझे एकट्या रुग्णावर ठेवले नाही. निवड दुहेरी असते. रुग्ण डॉक्टरांना निवडतो, त्याच वेळी डॉक्टरही तो रुग्ण आपल्या आवाक्यातला आहे की नाही याची निवड करीत असतात. आपल्याला जे जमणार नाही ते नाकारून रुग्णाला योग्य ठिकाणी पाठविणे हेही चांगल्या डॉक्टरांचे लक्षण आहे, हे या निकालाचे सार होय.

विंचू, मांत्रिक आणि बिरवाडीचे आरोग्य केंद्र

कोलाडहून महामार्गाने दक्षिणेस गेल्यावर महाड आणि त्याच्या जवळच बिरवाडी लागते. १९७६ मध्ये तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर रुजू झाले. मूळचे मराठवाड्यातील आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर असलेल्या या तरुण डॉक्टरांसमोर लाल विंचवाच्या दंशाने दगावणारे रुग्ण येऊ लागले. त्यांत लहान मुलेही होती. कोकणात विंचू चावला की मांत्रिकाकडे जाऊन तो 'उतरवून' घेण्याची रीत रूढ होती आणि रुग्ण दवाखान्यात पोहोचेपर्यंत कित्येकदा अनेक तास उलटलेले असत.

या रीतीकडे केवळ अंधश्रद्धा म्हणून पाहिल्यास तिचे टिकून राहणे समजत नाही. तिच्यामागे हातगुणाचे तर्कशास्त्र होते. काळ्या विंचवाच्या दंशाने वेदना होतात, पण जिवाला सहसा धोका नसतो. लाल विंचवाच्याही अनेक दंशांत विष कमी शिरते आणि काही तासांत वेदना ओसरतात. मांत्रिकाने पाणी भारले आणि पहाटे कळ थांबली, की गुण त्याच्या खात्यावर जमा होई. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. त्या काळी डॉक्टरांकडेही प्रभावी उपाय नव्हता. अँटिहिस्टामिन, स्टेरॉइड यांसारखी औषधे दिली जात, परंतु गंभीर रुग्णांपैकी ३० ते ४० टक्के दगावत. दवाखान्यात जाऊनही माणूस मरतो आणि मांत्रिकाकडे जाऊन पुष्कळ जण वाचतात, असेच चित्र गावासमोर असेल, तर गावाने मांत्रिक निवडणे हे अडाणीपणाचे लक्षण मानता येत नाही. उपलब्ध पुराव्यावरून काढलेले ते एक सदोष, पण समजण्याजोगे अनुमान होते.

बावस्कर यांनी उपदेशाचा मार्ग न धरता निरीक्षणाचा धरला. रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, उलट्या, थंड पडणारे हातपाय आणि फुप्फुसांत साचणारे पाणी यांच्या नोंदी त्यांनी केल्या. विषामुळे शरीरात संप्रेरकांचा अकस्मात पूर येतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयावर असह्य ताण पडतो आणि शेवटी फुप्फुसांत पाणी भरून रुग्ण दगावतो, हा क्रम त्यातून स्पष्ट होत गेला. १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या ख्यातनाम नियतकालिकात त्यांची निरीक्षणे प्रसिद्ध झाली. पुण्यास पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून ते पुन्हा याच भागात परतले आणि रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधांचा अवलंब त्यांनी सुरू केला. त्यांतील प्राझोसिन हे तोंडाने देता येणारे, स्वस्त आणि ग्रामीण दवाखान्यातही ठेवता येणारे औषध निर्णायक ठरले. १९८६ मध्ये त्याविषयीचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरले. पुढे महाड येथे डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासमवेत त्यांनी रुग्णसेवा व संशोधन चालू ठेवले. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, असे ७० रुग्णांवरील चाचणीतून दाखविणारा लेख २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने प्रसिद्ध केला. २०२२ मध्ये डॉ. हिम्मतराव बावस्कर यांना पद्मश्री पुरस्कार मिळाला.

या घटनाक्रमाचा निवडीच्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. मांत्रिकाकडे जाऊ नका, असे सांगून लोक दवाखान्याकडे वळत नाहीत. दवाखान्यात गेलेले मूल जिवंत घरी परत येते, हे डोळ्यांनी पाहिल्यावर ते वळतात. आधी उपचार खरा झाला पाहिजे, मग विश्वास येतो. हातगुणाचा निकष टाकून देण्याऐवजी त्याला नोंदवहीची जोड देणे, म्हणजे वाचलेल्यांबरोबर दगावलेल्यांचीही मोजणी करणे, हे या डॉक्टरांनी एका आरोग्य केंद्राच्या मर्यादेत साधले. जिल्ह्याच्या वैद्यकीय इतिहासात या पद्धतीचे मोल औषधाइतकेच मानावे लागेल.

मांडवा : गावातूनच पहिली निवड

याच जिल्ह्यात निवडीच्या प्रश्नाला आणखी एका दिशेने भिडण्याचा प्रयत्न झाला. मुंबईच्या जे.जे. रुग्णालयातील विख्यात प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंटिया यांनी १९७० च्या दशकात अलिबाग तालुक्यातील मांडवा परिसरात एक आरोग्य प्रकल्प उभा केला. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या सामाजिक आरोग्य संशोधन संस्थेशी तो निगडित होता. अल्पशिक्षित अशा स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन गावातील नेहमीचे आजार, लसीकरणाचा पाठपुरावा, क्षय व कुष्ठरोगाचे रुग्ण शोधणे अशी कामे त्यांच्याकडे सोपविण्यात आली. बहुतेक आजारांसाठी माणसाला डॉक्टरांची गरज नसते. डॉक्टरांची गरज केव्हा आहे हे ओळखणारे विश्वासू माणूस जवळ असण्याची गरज असते, ही त्यामागील धारणा होती.

ही धारणा निवडीच्या प्रश्नाची मांडणीच बदलते. शहरातील सुशिक्षित माणूस डॉक्टर निवडताना एखाद्या ओळखीच्या डॉक्टरांचा सल्ला घेतो. 'घरचा डॉक्टर' ही मध्यमवर्गीय संस्था हेच काम करीत असे. कोणत्या तज्ज्ञाकडे जावे, कोणती तपासणी अनावश्यक, हे तो सांगे. वाडीवरच्या कातकरी कुटुंबाला असा वाटाड्या मिळत नाही. मांडव्याच्या स्त्रिया या अर्थाने गावाच्या वाटाड्या होत्या. स्थानिक हितसंबंधांच्या विरोधामुळे तो प्रकल्प दीर्घकाळ टिकू शकला नाही. परंतु २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील 'आशा' कार्यकर्तीमध्ये त्याच विचाराचे रूप दिसते. अशा माणसाला अधिकार मिळाला की आधीच्या मध्यस्थांचे महत्त्व कमी होते, आणि विरोध तेथूनच सुरू होतो, हा मांडव्याचा धडा मात्र अभियानांच्या अहवालांत क्वचितच नोंदला जातो.

कट प्रॅक्टिस, महामार्ग आणि रुग्णाचे हक्क

१९८० नंतर खासगी वैद्यकाचा विस्तार झाला आणि निवडीच्या मार्गात नवा अडथळा आला. एका डॉक्टरांनी रुग्ण दुसऱ्याकडे किंवा तपासणी केंद्राकडे पाठवावा आणि त्याबद्दल मोबदला घ्यावा, या रीतीला 'कट प्रॅक्टिस' हे नाव पडले. या रीतीने वाटाड्यावरचा विश्वासच पोखरला जातो. रुग्ण ज्याच्या सल्ल्याने पुढची निवड करतो, त्याचा सल्ला विकत घेतलेला असू शकतो. या बाबतीतही महाडचे नाव पुढे आले. रुग्ण पाठविल्याबद्दल एका तपासणी केंद्राकडून आलेला १,२०० रुपयांचा धनादेश डॉ. बावस्कर यांनी स्वीकारला नाही आणि २०१३ च्या सुमारास हे प्रकरण महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेपुढे नेले. रक्कम लहान होती, परंतु एका डॉक्टराने ही रीत उघडपणे चव्हाट्यावर आणली याचे महत्त्व मोठे होते. २०१७ मध्ये राज्य शासनाने या प्रथेविरुद्ध कायद्याचा मसुदा तयार करण्यासाठी समिती नेमली. अशा मोबदल्यास २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने आधीच मनाई केलेली होती. त्याच संहितेनुसार डॉक्टरांनी आपले शुल्क व नोंदणी क्रमांक दर्शनी ठेवणे आणि मागणी केल्यास ७२ तासांत उपचाराची कागदपत्रे देणे अपेक्षित आहे.

कायद्याने रुग्णाचे स्थान दोन दिशांनी बदलले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते असा निर्णय दिला. त्यामुळे रुग्णाला दाद मागण्याचा तुलनेने सोपा मार्ग मिळाला. मात्र जेथे सर्वांनाच विनामूल्य सेवा दिली जाते ती रुग्णालये त्याबाहेर राहिली. परिणामी ज्यांना सरकारी आरोग्य केंद्राखेरीज दुसरा पर्याय नाही, त्यांच्या वाट्याला हा हक्क आला नाही. दुसरी दिशा तातडीच्या उपचाराची होय. १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात न्यायालयाने, सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरांवर अपघातग्रस्ताचा जीव वाचविण्याचे कर्तव्य असल्याचे सांगितले. कोलाडसारख्या महामार्गावरील गावाला हा निकाल विशेष लागू पडतो. रस्त्यावर बेशुद्ध पडलेला माणूस डॉक्टर निवडू शकत नाही. त्याच्या वतीने ती निवड रुग्णवाहिका, रस्त्यावरचे लोक आणि सर्वांत जवळचे रुग्णालय करीत असतात. म्हणून जवळचे रुग्णालय सक्षम असणे हाच त्याच्यासाठी निवडीचा एकमेव अर्थ उरतो.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये प्रसृत केलेल्या रुग्णहक्क सनदेत १७ हक्कांचा समावेश होता. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा हक्क आणि औषधे व तपासण्या कोठून घ्यावयाच्या हे स्वतः ठरविण्याचा हक्क त्यांत आहेत. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावण्याची तरतूद झाली. आनंदीबाईंच्या काळी जी गोष्ट याचना होती ती आता हक्काच्या भाषेत लिहिली गेली आहे. भिंतीवरील फलक वाचून कोणी डॉक्टरांना प्रश्न विचारू शकतो की नाही, हे मात्र फलकाने ठरत नाही. गरीब रुग्ण प्रश्न विचारीत नाही, याचे कारण त्याला हक्क माहीत नसतो एवढेच नाही. उद्या पुन्हा याच दारात यावयाचे आहे, हे तो जाणून असतो.

समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष हाती येतात. पहिला असा की, डॉक्टरांची निवड ही क्रमाने विकसित झालेली सामाजिक गोष्ट आहे. पर्याय असणे, त्यांच्याविषयी खरी माहिती असणे, विश्वासू वाटाड्या असणे आणि फसगत झाल्यास दाद मागता येणे, या चार अटी पूर्ण झाल्यावरच रुग्णाच्या शहाणपणाला वाव मिळतो. चरकांनी वैद्याचे चार गुण सांगितले. त्याला पूरक अशा या चार अटी समाजाच्या बाजूने सांगता येतील.

दुसरा निष्कर्ष हातगुणाविषयी आहे. लोकांचा हा निकष परिणामांवर आधारलेला असल्याने तो तुच्छतेने टाकून देण्याजोगा नाही. बिरवाडी व महाडच्या अनुभवावरून दिसते की, परिणाम बदलले की निवडही बदलते. अपयशांची मोजणी करणारी आणि ती मोजणी लोकांपुढे ठेवणारी यंत्रणा मात्र अद्याप दुर्मीळ आहे. आपल्या तालुक्यातील कोणत्या रुग्णालयात किती रुग्ण दाखल झाले आणि किती बरे होऊन परतले, हे सामान्य माणसाला सहज कळण्याची सोय झाली, तर हातगुण हा शब्द ऐकीव कीर्तीवरून पुराव्यावर येईल.

तिसरा निष्कर्ष डॉक्टरांच्या बाजूचा आहे. १९६८ च्या निकालाने रुग्ण स्वीकारण्याच्या क्षणापासून डॉक्टरांची जबाबदारी सुरू होते असे सांगितले. योग्य डॉक्टर शोधण्याची धडपड रुग्णाने करावी हे खरे. परंतु आपण या रुग्णासाठी योग्य आहोत काय, हा प्रश्न डॉक्टरांनी स्वतःला विचारणे हा त्या धडपडीचा दुसरा अर्धा भाग आहे. वैद्यकीय शिक्षणात शरीररचना आणि औषधशास्त्र यांसोबत या प्रश्नाला स्थान मिळाले, आणि महाविद्यालयीन शिक्षणात, विद्याशाखा कोणतीही असो, विद्यार्थ्याला नोंदणी क्रमांक, पदवी, शुल्क आणि दुसरे मत यांविषयी निर्भयपणे विचारण्याची सवय लावली गेली, तर कोलाडच्या नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाची निवड पूर्वीपेक्षा खरोखरच मोकळी होईल.